वाचकांचे प्रश्न : लूथरन शेतकऱ्याचे घर, शिवार आणि मंडळी

गेल्या अंकात याच सदरात मी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका लूथरन शेतकरी कुटुंबाकडे ऐन कापणीत काढलेल्या अकरा दिवसांचा ओझरता उल्लेख केला होता. यजमान पती-पत्नी साठीच्या आसपासचे, मका आणि सोयाबीन करणारे; वहितीखालची जमीन सुमारे सहाशे एकर, पण त्यातील स्वतःच्या मालकीची जेमतेम अडीचशे आणि उरलेली ठोक्याने घेतलेली. एवढ्या चार ओळींवर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच देत आहे. पत्रे लांब होती. त्यांचा गाभा ठेवून ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आयोवा राज्यात शेती-अवजारांच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याचे घरमालक शेतकरी असून 'लूथरन' आहेत, असे तो सांगतो. ख्रिस्ती लोक आपल्या जालन्यात आणि उदगिरातही आहेत. मग हे लूथरन वेगळे कोण? आणि तिकडे शेतकऱ्यांत नेमके तेच इतके कसे?
— एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : १५१७ साली विटेनबर्ग येथे मार्टिन लूथर या जर्मन धर्मगुरूने पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले आणि त्यातून रोमच्या सत्तेपासून फुटलेला जो पंथ उत्तर जर्मनी, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या देशांत रुजला, तो लूथरन पंथ. एकोणिसाव्या शतकात त्या देशांतील शेतकऱ्यांची स्थिती आपल्याला अनोळखी वाटू नये अशीच होती : घरात खाणारी तोंडे वाढत होती आणि जमिनीचे तुकडे पुरत नव्हते. त्यातच १८६२ साली अमेरिकेने कायदा करून, जो कोणी पाच वर्षे राहून जमीन कसेल त्याला १६० एकर जवळजवळ फुकट देऊ केली. ही जमीन काही ओसाड पडलेली नव्हती. तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावून ती मोकळी केलेली होती, हेही याच ठिकाणी सांगितले पाहिजे. मग गावेच्या गावे बोटीत बसली. एका खोऱ्यातले लोक नव्या देशातही शेजारी-शेजारी उतरले आणि मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, डाकोटा या पट्ट्यात एखादे शिवार संपूर्ण नॉर्वेजियन, तर ओढ्यापलीकडचे संपूर्ण जर्मन, असे नकाशे तयार झाले. सगळे लूथरन शेतकरी नाहीत. पण त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांत लूथरन इतके का भेटतात, त्याचे कारण हे आहे.

आपल्या देशातही लूथरन नवे नाहीत. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्रांकेबार येथे ते १७०६ मध्ये आले, गुंटूरला १८४२ मध्ये आणि रांचीला १८४५ मध्ये. छिंदवाड्याकडे स्वीडिश लूथरन मिशनने काम केले. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र इतर मिशने आली. जालन्यात स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जवळच बेथेल नावाचे गाव वसवले, हे तिकडच्या वाचकांना माहीत असेल. १९७० साली नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा लूथरन त्या एकीकरणात सामील झाले नाहीत. श्रद्धेच्या मुख्य गोष्टी सामाईक असूनही नाव आपल्या कानांना परके वाटते, ते त्यामुळे.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते सांगतो. लूथरच्या आधी युरोपात अशी समजूत होती, की देवाची खरी सेवा मठात होते आणि नांगर धरणारा त्यामानाने खालच्या पायरीवर असतो. लूथरने ती पायरीच काढून टाकली. गाय पिळणारी बाई आणि प्रवचन करणारा पाळक हे दोघेही आपापल्या जागी देवानेच नेमलेले आहेत, कारण शेजाऱ्याच्या पोटात दूध आणि भाकरी जाते ती या नेमलेल्या माणसांच्या हातून, अशी त्याची शिकवण होती. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' हे ऐकत वाढलेल्या माणसाला यात फार अडखळण्यासारखे काही नाही. सावता माळी आणि लूथर यांचे देव, काळ आणि देश निराळे. मळ्याकडे पाहण्याची नजर मात्र जवळची.

१५२९ साली लूथरने घरच्या कर्त्यांनी मुलांना शिकवावे म्हणून 'कॅटेकिझम' नावाचे एक लहानसे पुस्तक लिहिले आणि तेही प्रश्नोत्तरांच्याच रूपात, त्यामुळे या सदराच्या लेखकाला त्याविषयी थोडी आपुलकी वाटणे साहजिक आहे. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' अशी ओळ आहे. 'रोजची भाकर म्हणजे काय?' असे विचारून लूथर जी यादी देतो, तीत अन्न, कपडे, जोडे, घर, शेत, गुरे, पैसा, चांगला जोडीदार, चांगली लेकरे, प्रामाणिक गडी, नेक राज्यकर्ते, चांगले हवामान, शांतता, आरोग्य आणि अगदी शेवटी विश्वासू शेजारी इतक्या गोष्टी येतात. माझ्या यजमानांना ती यादी चौदाव्या वर्षी, दृढीकरणाच्या (मुलाने आपल्या तोंडाने श्रद्धा कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात पाठ करावी लागली होती आणि अजून तोंडपाठ होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे मी एका संध्याकाळी बोलता बोलता सांगितले. बाईंनी काही न बोलता फ्रिजवरच्या चिठ्ठीवर ते टिपून घेतले. रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांची नावे वाचून झाल्यावर 'लॅटर' गावाच्या पावसासाठी प्रार्थना झाली, तेव्हा उच्चार दुरुस्त करण्याचे धाडस मला झाले नाही.

पत्रात आपण लूथर हा 'शेतकऱ्यांचा कैवारी' होता का, असेही विचारले आहे. तसे म्हणता येणार नाही. आपण शेतकऱ्याच्या घराण्यातले आहोत, असे तो सांगत असे, तरी त्याचे वडील तांब्याच्या धंद्यात होते. आणि १५२४-२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी वेठबिगार आणि जाचक पट्ट्यांविरुद्ध बंड केले, तेव्हा सुरुवातीला सरदारांना खडसावणाऱ्या लूथरनेच पुढे ते बंड निर्दयपणे मोडून काढण्याचे समर्थन केले. हजारो शेतकरी मारले गेले. माझ्या यजमानांशी हा विषय निघाला, तेव्हा त्यांनी 'तो त्यात चुकला' एवढेच म्हटले आणि कॉफी ओतली.

प्रश्न : आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, क्वचित कोंबडीसुद्धा वेदीपुढे आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्यांच्याकडे असे काही असते का? आणि कापणीच्या दिवसांत ते रविवार पाळतात का?
— एक ख्रिस्ती शिक्षिका, जालना

उत्तर : सण आहे, पण लिलावाची मजा नाही. जर्मनीत साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पिकाच्या उपकारस्तुतीची उपासना होते आणि वेदीपुढे फळे, भाज्या, ब्रेड, धान्याच्या पेंढ्या मांडतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी उपकारस्तुतीचा राष्ट्रीय सणच असल्यामुळे बराचसा उत्साह त्या दिवसाकडे जातो. मला त्याहून जवळची वाटली ती वसंतातली प्रथा. ईस्टरनंतरच्या एका रविवारी, पेरणीच्या सुमारास, काही मंडळ्या चर्चमधून उठून बांधावर जातात आणि पाळक माती, बियाणे, अवजारे आणि माणसे यांच्यासाठी प्रार्थना करतो. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा रानातला सण, आठवेल. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे आणि रानात शिंपडलेला प्रसाद यांपुढे लूथरन बांधावरची प्रार्थना फारच रुक्ष. कागदी पेल्यातली कॉफी आणि वाऱ्यात उडणारी गीतपत्रिका. मात्र देवळात बसून पिकासाठी मागणे आणि रानात उभे राहून मागणे यांत अंतर आहे, हे दोन्हीकडच्यांना कळलेले आहे.

रविवारविषयी माझाही अंदाज चुकला. मला वाटले होते की यंत्रे दिवसभर बंद राहतील. आमच्याकडे काही गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत, तसे काही डोक्यात होते. लूथरने मात्र पवित्र दिवसाच्या आज्ञेचा अर्थ सांगताना काम बंद ठेवण्यावर भर दिलेला नाही. देवाचे वचन ऐकण्यात हयगय करू नका, असे त्याचे म्हणणे. त्यामुळे साडेनऊला उपासना, साडेदहाला चर्चच्या तळघरात कॉफी आणि बाराच्या आत यजमान हार्वेस्टरवर. मागच्या बाकांवरचे दोघे-तिघे तर शेवटच्या गीताच्या वेळी खिडकीतून ढगच बघत होते. त्यांच्यातले कर्मठ लोक याला नाक मुरडतात. मला स्वतःला, सोयाबीन वाळून शेंगा तडकायला आलेल्या असताना, त्यात वावगे काही दिसले नाही.

प्रश्न : सहाशे एकरवाल्याला कसली काळजी? आमच्या पणजोबांची चाळीस एकर होती, आज माझ्या नावावर पावणेदोन आहे. तिकडे आत्महत्या होतात का? कर्ज असते का? की देवाचे नाव घेतले म्हणजे सगळे सुरळीत चालते?
— एक तरुण शेतकरी, ता. केज, जि. बीड

उत्तर : आपल्या प्रश्नातला कडवटपणा मला समजतो, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो. २०२२ च्या गणनेनुसार अमेरिकेतील सरासरी शेती ४६३ एकरांची आहे. भारतात २०१५-१६ च्या गणनेनुसार ती १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत. माझ्या यजमानांना सोयाबीन एकरी साधारण पंधरा क्विंटल पडले. आपल्याकडे कोरडवाहूत आठ-दहा पडले तर आपण बरे वर्ष म्हणतो. एवढे पाहिले तर तुलनाच संपते. परंतु त्यांच्या शेडमधले हार्वेस्टर नवे घ्यायचे तर पाच लाख डॉलरच्या पुढे जाते, ठोक्याची रक्कम पीक येवो न येवो द्यावीच लागते, आणि सोयाबीनचा भाव ठरतो शिकागोच्या वायदे बाजारात, त्यांच्या शेताच्या कुंपणापासून शेकडो किलोमीटरवर. लातूरच्या आडतीत भाव पडला की आपण ज्या चेहऱ्याने घरी येतो, तो चेहरा मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिला आहे.

जमीन तिकडे तुटत का नाही, हे आपण विचारले नाही, पण खरा फरक तिथे आहे. कायद्याने सर्व मुले वारस होऊ शकतात. रूढीने मात्र शेती एकाच मुलाकडे जाते आणि तो इतर भावंडांचे वाटे वर्षानुवर्षे हप्त्याने फेडतो. बाकीची मुले शिकून शहरात जातात. शेती एकसंध राहते, त्याची किंमत दोघे मोजतात : थांबलेला मुलगा कर्जात आणि गेलेली मुले घराबाहेर. यजमानांच्या दारावर, एकाच घराण्याने शंभर वर्षे जमीन राखल्याबद्दल मिळालेली पाटी आहे. बहिणीचा वाटा फेडायला त्यांना किती वर्षे लागली, हे त्या पाटीवर लिहिलेले नाही, असे ते स्वतःच म्हणाले. आपल्याकडे वाटणीत प्रत्येकाला न्याय मिळतो आणि कोणालाच पोटापुरते रान उरत नाही. यातले अधिक बरे कोणते, ते मला आजही ठरवता आलेले नाही.

आत्महत्या झाल्या आहेत. सत्तरच्या दशकात धान्याला भाव आला, जमिनी महागल्या आणि बँकांनी घरी येऊन कर्जे दिली. मग व्याजदर चढले, १९८० मध्ये सोव्हिएत रशियाला धान्य विकण्यावर निर्बंध आले आणि डोलारा कोसळला. आयोवात १९८१ साली सरासरी २,१४७ डॉलरला जाणारी एक एकर जमीन १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आली. म्हणजे ज्या तारणावर कर्ज घेतले होते, ते तारणच दोन तृतीयांशाच्या जवळपास विरघळले. घरे, गुरे, ट्रॅक्टर यांचे लिलाव झाले. शेतकरी कुटुंबांना कर्जाची पुनर्बांधणी करून जमीन वाचवता यावी म्हणून दिवाळखोरीच्या कायद्यात खास प्रकरण आले, तेही १९८६ मध्ये. तोवर अनेकांचे सगळे आटोपले होते.

मंडळीने त्या काळात काय केले, याचे उत्तर दोन तोंडांचे आहे. चांगली बाजू आधी. मी तिथे असतानाच चार किलोमीटरवरच्या एका शेतकऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा मका उभा होता. शनिवारी सकाळी नऊ शेतकरी आपापली हार्वेस्टर घेऊन त्याच्या शिवारात उतरले. डिझेल कोणाचे, हे कोणी विचारले नाही. चर्चच्या तळघरात कॉफी करणाऱ्या बायकांनी हॅमचे सँडविच आणि कॉफीचे थर्मास गाडीच्या फाळक्यावर मांडले आणि दिवस मावळायच्या आत रान मोकळे झाले. रुग्णाची पत्नी ओट्यावर उभी राहून फक्त एकेका यंत्राकडे हात हलवत होती. ही सरळ सरळ आपली इर्जिक आहे. बैलजोड्या गेल्यावर आपल्याकडे इर्जिकही गेली. त्यांच्याकडे घोडे गेले, यंत्रे आली, तरी ती टिकली, कारण दर रविवारी एकाच तळघरात कॉफी पिणाऱ्यांना एकमेकांचे काय चालले आहे हे कळत राहते. कॅटेकिझममधला तो यादीच्या तळाशी असलेला 'विश्वासू शेजारी' म्हणजे हाच.

दुसरी बाजू अशी, की आजार सांगता येतो, कर्ज सांगता येत नाही. तिकडच्या नॉर्वेजियन शेतकऱ्याला 'कसे काय?' विचारले, तर पीक गेले असले तरी तो 'वाईट नाही' म्हणतो. आपला माणूस 'बरं हाय' म्हणतो, तेच. १९८५ साली यजमानांच्या वडिलांची १६० एकर जमीन विकली गेली. पुढच्या रविवारी वडील चर्चला गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही, आणि मंडळीतल्या कोणी कारण विचारले नाही; त्यांना लाजवू नये म्हणून. 'नऊ हार्वेस्टर आले असते, पण आम्ही कोणाला सांगितलेच नाही,' हे यजमानांचे शब्द. कष्ट करणे हीच देवसेवा, असे लहानपणापासून बिंबलेल्या माणसाला शेत बुडणे म्हणजे नुसते नुकसान वाटत नाही. नेमून दिलेल्या कामात आपण कमी पडलो, असे वाटते. ही लूथरच्या शिकवणीची न बोललेली किंमत आहे, असे माझे मत आहे. लूथरने स्वतः तर देवाची कृपा कर्तृत्वावर अवलंबून नसते, हेच जन्मभर सांगितले होते. शेतकऱ्यांनी त्यातले कष्टाचे तेवढे उचलले आणि कृपेचे बाकावर ठेवले.

म्हणून देवाचे नाव घेतल्याने सगळे सुरळीत चालते का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. त्या वडिलांना शेवटी बोलते केले ते पाळकाने. तो घरी आला, दोन तास गोठ्यात बसून दूध काढायला मदत केली आणि जाताना बँकेतल्या बैठकीला मी सोबत येतो, एवढेच म्हणाला. आपल्या घरावर तशी वेळ आली, तर पहिले काम कोणा एकाला आकडा सांगण्याचे.

प्रश्न : त्या घरातली बाई शेतकरी मानली जाते का? जमिनीवर तिचे नाव असते का? इकडे आम्ही खुरपणीपासून वेचणीपर्यंत सगळे करतो आणि सातबाऱ्यावर नाव मालकाचे.
— एक वाचक भगिनी, जि. परभणी

उत्तर : अमेरिकेच्या गणनेत पूर्वी मुख्य शेतकरी म्हणून एकच माणूस धरत आणि तो बहुतेक वेळा पुरुष निघे. प्रश्न विचारण्याची पद्धत सुधारून एका शेतावरचे निर्णय घेणारे अनेक जण नोंदवायला सुरुवात झाल्यावर, २०१७ मध्ये त्यांत छत्तीस टक्के स्त्रिया निघाल्या. बाया त्या आधीही तेवढ्याच राबत होत्या. फक्त कागदाला आता दिसल्या. माझ्या यजमानीणबाई धान्याची गाडी चालवत, हिशेब ठेवत आणि शिवाय गावच्या शाळेत नोकरी करत, कारण घराचा आरोग्यविमा त्या नोकरीतून येत होता. मालकीत दोघांची नावे होती.

धर्माच्या बाजूने पाहिले तर चित्र मिश्र आहे. तिथल्या काही लूथरन मंडळ्यांत १९७० पासून स्त्रिया पाळक होतात. मिसूरी सिनड या अधिक कर्मठ लूथरन संघटनेच्या मंडळ्यांत आजही होत नाहीत. स्वतः लूथरचे घर मात्र त्याची पत्नी कॅथरिना चालवत असे. मठ सोडून आलेल्या या बाईने गुरे, डुकरे, मासे आणि बियर सांभाळत झुल्सडॉर्फची शेतीही पाहिली आणि लूथर तिला गमतीने झुल्सडॉर्फची मालकीण म्हणे. आपल्यापुरते सांगायचे, तर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली आहे. पतीच्या जमिनीवर सहहिस्सेदार म्हणून नाव लावण्याबद्दल तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारल्यास 'बघू' हे उत्तर ठरलेले असते.

प्रश्न : (औशाच्या पहिल्या पत्राच्याच पाकिटात मुलाच्या आईंनी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे.) दिवाळीनंतर आम्ही दोघे मुलाकडे जाणार आहोत. घरमालकांनी जेवायला बोलावले आहे. आम्ही माळकरी. काय न्यावे आणि कसे वागावे?

उत्तर : मांसाहार आणि अंडे चालत नाही, हे मुलाकरवी आधीच कळवा, ते लोक मनाला लावून घेत नाहीत, उलट ऐन वेळी ताटातले तसेच राहिले तर कष्टी होतात. बटाटा, मका, शेंगा आणि ब्रेड एवढे नक्की मिळेल. मिरचीची अपेक्षा ठेवू नका. ताट वाढले म्हणून लगेच हात घालू नका. सगळे मान खाली घालून येशूला पाहुणा म्हणून जेवायला बोलावणारी दोन ओळींची प्रार्थना म्हणतात. तोवर आपण मनात 'वदनी कवळ' म्हटले तरी चालेल. शेंगदाण्याची कोरडी चटणी सीलबंद पुडीत न्या आणि खाण्याचे सगळे पदार्थ विमानतळावर जाहीर करा. बियाणे, ताजी फळे, कढीपत्ता आणि माती अजिबात नेऊ नका. शेतावर राहून आलात का, असा प्रश्न तिथे विचारतात. खरे तेच सांगा आणि मालकांना रानातले जोडे घरीच ठेवायला सांगा, किंवा तळवे ब्रशने घासून मगच बांधायला सांगा. आपल्या काळ्या रानाची माती खाचांत अडकली की सहजासहजी निघत नाही.